पायावरचा खिळा

खुर्चीवर बसा, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर टाका आणि सैल सोडा. आता पंजाकडे पाहा. तो किंचित हलतो. ती हालचाल आपण करीत नाही. गुडघ्याच्या मागून जाणारी धमनी ठोका देते आणि त्या ठोक्यासरशी लोंबता पाय जरासा वर उचलला जातो. निरोगी माणसाचाही पाय असा हलतो, त्यात भिण्यासारखे काही नाही. हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढचे वाचून काही वाचक आपापले पाय पाहत बसतील आणि त्याचा दोष माझ्याकडे येईल.

संपादकांनी व्यवसायातील गमतीजमती मागितल्या होत्या. माझ्याजवळ त्या फारशा नाहीत. नगरमध्ये मी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि हात पुरेसा स्थिर आहे तोवरच थांबलो. मागे वळून पाहताना जे आठवते, ते बहुतेक धक्का बसला म्हणून आठवते. सुरळीत पार पडलेले दिवस स्मरणात राहत नाहीत.

गुडघ्यामागच्या खोलगट जागेला आपल्याकडे लवण म्हणतात. पायाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी या लवणीतून खाली उतरते. काही माणसांत, विशेषतः उतारवयातील पुरुषांत, या धमनीची भिंत तिथे सैल पडते आणि तिला फुगा येतो. वैद्यकीय भाषेत त्याला ॲन्युरिझम म्हणतात. फुगा म्हटले की तो फुटेल असे लोकांना वाटते. लवणीतला फुगा क्वचितच फुटतो. त्याचा खरा दुर्गुण वेगळा आहे. त्याच्या आत रक्त रेंगाळते आणि साकळते. साकळलेल्या रक्ताचे कण सुटून बोटांकडे जातात, बोटे निळी पडतात. आणि एखाद्या दिवशी सगळा फुगाच गुठळीने बंद होतो. पाय थंड पडतो. त्यानंतर जे करायचे ते काही तासांत करावे लागते.

यावरची जुनी, उघडी शस्त्रक्रिया सांगायला सोपी आहे. मांडीतून एक नीला काढायची. नीला म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर. पायाला तशा अनेक असतात, एक गेली तरी चालते. ती उलटी करून फुग्याच्या वरून खालपर्यंत जोडायची, म्हणजे रक्ताला वळणरस्ता मिळतो. मग फुगा दोन्ही टोकांना बांधून टाकायचा. आता मांडीतून तार सरकवून आतल्या आत नळी बसवण्याची सोय झाली आहे, तरुण मंडळी तीच पसंत करतात. त्यांचे चुकते असे मी म्हणत नाही. फक्त उघडी शस्त्रक्रिया नीट शिकलेले हात कमी होत चालले आहेत, याची खंत वाटते.

निकालाचे म्हणाल तर दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. फुगा वेळेवर सापडला आणि ठरवून शस्त्रक्रिया केली, तर बहुतेक पाय वर्षानुवर्षे चालतात. पाय थंड पडल्यावर माणूस आला, तर तीच शस्त्रक्रिया, तेच हात, तीच नीला, पण खात्री कशाचीच नाही. आजार एकच असताना निकालात इतके अंतर का पडते, हे नातेवाइकांना समजावता समजावता माझी उमेद संपली.

अडचण अशी की लवणीत हात घालून पाहण्याची सवय कोणालाच नाही. रोगी गुडघा पुढून दाखवतो, डॉक्टर पुढून पाहतो. केडगावच्या एका निवृत्त शिक्षकांची गाठ गळू समजून कोणी तरी चिरणार होते. चिरणाऱ्याच्या बोटाखाली ती उडाली म्हणून तो थांबला आणि ते गृहस्थ माझ्यापर्यंत जिवंत पोहोचले. बरे झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मांडी घालून जेवता येईल का?” मी नाही म्हणालो. गुडघा पुरता दुमडला की जोडलेली शीर मुडपते. ते म्हणाले, “मग बरा काय झालो?” आमच्या पुस्तकांत निकाल तीन प्रश्नांत संपतो: शीर वाहते का, पाय शाबूत आहे का, माणूस जिवंत आहे का. मांडीचा प्रश्न त्या पुस्तकांत नाही. ती लिहिणारे खुर्चीवर बसून जेवतात.

आता ज्या कुटुंबासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो.

भिंगारमध्ये नालबंदांचे एक घर आहे. आजोबा लष्कराच्या घोड्यांना नाल ठोकत. वडील आठवड्याच्या बाजारांतून बैलांना पत्र्या मारू लागले. पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकायची लोखंडी पट्टी. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलाला ती नसेल तर खूर झिजून तो बसतो. थोरले बशीरभाई हेच काम करीत. धाकटे यासीन नागापूरच्या कारखान्यात लेथवर होते. दोघांचा चुलतभाऊ हमीद टेम्पो चालवतो. तिघेही साठीच्या अलीकडे-पलीकडे.

प्रथम आले ते यासीन. पायाचे एक बोट निळे पडले होते आणि चालताना पोटरी भरून येत होती. हमीदने टेम्पोतून आणले, बशीरभाई सोबत होते. बशीरभाईंचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. कृत्रिम पाय लावून, काठी टेकत ते आत आले आणि भावाआधी खुर्चीत बसले.

मी यासीनच्या लवणीत बोटे घातली. लिंबाएवढा फुगा, आणि त्यात जोराचा ठोका. सोनोग्राफीची गरज खात्रीपुरती होती. आजार काय आहे ते मी सांगितले. यासीन ऐकत होते. बशीरभाई हसले.

“डॉक्टरसाहेब, हे व्हय? हे तर आमच्या घरात समद्यांना हाय.”

“काय आहे?”

“गुडघ्यात जीव. आमच्या अब्बांचा पाय तर असा उडायचा, की आमी पोरं त्यावर चिंचोका ठेवायचो. अब्बा म्हणायचे, ज्याचा चिंचोका पडंल तो खरा नालबंद. बैल त्याच्या हाताखाली हलत न्हाई.”

“भाईजानचा लई जोरात पडतो,” हमीद दारातून म्हणाला. “माझा बी पडायचा लहानपणी. पन मी टेम्पो घेतला, बैल सुटले बिचारे.”

“लहानपनी तू पायच हलवायचास, हम्या. लबाडी करून जिंकायचास.”

बशीरभाईंनी खिशात हात घातला. पत्री मारायचे दोन-चार खिळे त्यांच्या खिशात नेहमी असत. उजवा पाय त्यांनी डाव्या गुडघ्यावर टाकला आणि एक खिळा पंजावर आडवा ठेवला. मी म्हटले तसा किंचित हलेल, अशी माझी अपेक्षा होती. खिळा पहिल्या ठोक्याला सरकला, दुसऱ्याला उसळला आणि फरशीवर पडला. त्याचा आवाज झाला. हमीदने टाळी वाजवली. यासीनही हसले. घरातली रीतच तशी होती. खिळा पडला की टाळी वाजवायची.

मी उठलो. बशीरभाईंचा पाय खाली ठेवून लवणीत हात घातला. भावापेक्षा मोठा फुगा होता. मी हात काढला आणि पुन्हा घातला. चूक झाली असावी अशी माझी इच्छा होती.

मग मी डाव्या पायाचा कृत्रिम भाग काढायला सांगितला.

“तिथं काय बघता? तिथं काय न्हाई आता.”

“हा कशाने गेला?”

“यष्टीत बसलो हुतो. पाय गार पडला. दुसऱ्या गावी दवाखान्यात नेला. म्हनले तंबाखूनं गेला. तवापासून तंबाखू सोडली.”

उरलेल्या गुडघ्यामागे मी बोटे घातली. तिथेही गाठ होती. टणक, आणि ठोका नसलेली. उजवीकडची जिवंत होती, डावीकडची मेलेली. तंबाखूने शिरा खराब होतात, हे खरे. पण हा पाय तंबाखूने गेला नव्हता. ज्या गुणाचे या घरात कौतुक चालत होते, त्यानेच तो नेला होता. ज्यांनी पाय कापला त्यांना मी दोष देत नाही. काळा पडलेला पाय समोर आल्यावर लवणीत हात कोण घालतो?

मी केसपेपर पुढे ओढला.

“वडील कशाने गेले?”

यासीनने सांगितले. “मिरी गावच्या बाजारात. बैल पाडला हुता, पत्री मारत हुते. पोटात आन् कंबरंत दुखतंय म्हनले आन् बैलाच्या शेजारीच आडवे झाले. बैल उठला, अब्बा न्हाई उठले.”

“नजर लागली म्हनतात चाचांना,” हमीद म्हणाला.

लवणीत फुगा असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या पोटातील मोठ्या धमनीलाही तसाच फुगा असतो. तो मात्र फुटतो. ते मी त्यांना सांगितले. सौम्य शब्द शोधण्यात मी कधी वेळ घालवला नाही, त्या दिवशी शोधायला हवे होते की काय, कोण जाणे. फरशीवरचा खिळा यासीनने वाकून उचलला आणि भावाला दिला. बशीरभाईंनी तो खिशात ठेवला नाही, मुठीत धरून ठेवला.

दोघा भावांच्या पोटाची सोनोग्राफी त्याच दिवशी केली. पोटे स्वच्छ निघाली. यासीनचा दुसरा गुडघाही स्वच्छ होता. हमीदलाही मी कॉटवर झोपायला सांगितले.

“टेम्पो रस्त्यात हाय, साहेब. पोलीस उचलून नेतील. आन् माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? दिवसभर क्लच दाबतो.” तो गेलाही.

बशीरभाईंना मी स्पष्ट सांगितले की यासीनपेक्षा त्यांची निकड मोठी आहे. यासीनजवळ दोन पाय आहेत. त्यांच्याजवळ एकच, आणि तो कोणत्याही दिवशी बंद पडेल.

“म्हनूनच न्हाई,” ते म्हणाले. “दुखतंय म्हनून एकदा गेलो, झोपवलं, उठलो तर बारका झालो हुतो. आता हा बी द्यायचा तुमच्याकडं? एवढ्यावर तर उभा हाय मी.”

“कापायचा नाही. राखायचा आहे.”

“त्यांनी बी असंच म्हनलं हुतं.”

शेवटी त्यांनीच तोड काढली. आधी यासीनचे करा. यासीन चालला तर मी येतो.

यासीनची शस्त्रक्रिया ठरवून केली आणि जशी व्हावी तशी झाली. बोटाचा निळेपणा ओसरला. काही दिवसांनी ते चालत तपासणीला आले, पुढे लेथवरही परतले. उकिडवे बसायचे नाही आणि नमाजात पाय दुमडून बसायचे नाही, खुर्ची घ्यायची, एवढे बंधन घातले. थोरल्या भावाला त्यात चेष्टेचा विषय मिळाला.

“मशिदीत मागं खुर्च्यांची रांग लागलीय, लग्नाच्या पंगतीवानी. जा, तू बी बस. मी एका पायाचा जमिनीवर बसतो अन् हा दोन पायांचा खुर्चीवर.”

“भाईजान, तुम्ही कधी जाताय तेवढं सांगा.”

“हंगाम झाला की.”

हंगाम म्हणजे ऊस गळिताचा. साखर कारखाना सुरू होण्याआधी ऊसतोडीच्या बैलगाड्या जमतात, आणि प्रत्येक बैलाला पत्र्या लागतात. नालबंदाचे वर्ष त्या दिवसांवर उभे असते. बैल दोरांनी पाडतात, चारी पाय एकत्र बांधतात. मग शेजारी बसून खूर मांडीवर घेऊन खिळे ठोकायचे असतात. एक पाय नसल्याने त्यांचे अडत नसे. ते म्हणत, “पाडलेल्या बैलाशेजारी काय, मी आन् तो सारखेच. त्याचे चार बांधलेले, माझा एक गेलेला.” मात्र उजवा पाय दुमडून दिवसभर बसावे लागे. मी नको म्हणालो. त्यांनी मान हलवली. ती मान कोणत्या अर्थाने हलली, हे मला तेव्हाही कळले होते.

हंगाम सुरू झाला. एका दुपारी हमीदचा टेम्पो रुग्णालयाच्या दाराशी आडवा उभा राहिला. या वेळी तो पोलिसांचे नाव काढेना. मागच्या हौद्यात उसाच्या पाचटावर बशीरभाई झोपले होते, यासीन त्यांचे डोके धरून बसले होते.

सकाळी कारखान्याच्या अड्ड्यावर बैलाशेजारी बसले असतानाच पाय गार पडला होता. बशीरभाई कोणाला बोलले नाहीत. संवेदना जाऊ लागली तेव्हा शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतल्या, बायकांनी गार पाय गरम करावा म्हणून चुलीजवळ धरला. भल्या हेतूने धरला. टाच भाजली, फोड आले, आणि बशीरभाईंना ते कळलेही नाही. घोट्यापासून खाली पाय संगमरवरासारखा पांढरा होता, त्यावर टाचेचा लाल डाग. पाहणे माझे काम आहे, तरी क्षणभर मी नजर दुसरीकडे वळवली.

लवणीत हात घातला. ठोका नव्हता. डावीकडे जशी मेलेली गाठ होती, तशीच आता उजवीकडे.

“अंगठा हलवा.”

अंगठा हलला. फार थोडा, पण हलला. म्हणजे स्नायूंत प्राण होता. रक्त पातळ करणारे इंजेक्शन देऊन त्यांना शस्त्रक्रियागृहात घेतले. भूल देण्यापूर्वी त्यांनी माझे मनगट धरले. नालबंदाची पकड होती ती.

“डॉक्टरसाहेब, कापायचा झाला तर झोपेत कापू नका. मागचा झोपेतच गेला. मला उठवा, इचारा, मग कापा.”

शल्यचिकित्सकाने वचने देऊ नयेत, हा माझा नियम. पाय वाचेल असे मी म्हणालो नाही. “आधी तुम्हाला उठवीन,” एवढे म्हणालो. भूलतज्ज्ञ बाईंनी माझ्याकडे पाहिले. असे उठवणे शहाणपणाचे नसते, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

पाय उघडला. बारीक नळी आत घालून खालच्या धमन्यांतील गुठळ्या ओढून काढल्या. बऱ्याच निघाल्या, सगळ्या निघाल्या की नाही हे सांगता येत नव्हते. आता वळणरस्त्यासाठी नीला हवी. ती त्याच पायाच्या मांडीतून काढायची म्हणून चिरा घेतला आणि थांबलो. गेली कित्येक वर्षे सारे शरीर त्या एका पायावर उभे होते. त्याचे फळ समोर होते. नीला ठिकठिकाणी फुगलेली, पिळवटलेली, कुठे दोरीसारखी कडक. जोडायला तिचा एक वीतभरही तुकडा सरळ नव्हता.

“कृत्रिम नळी काढू का, सर?” सिस्टरने विचारले.

कृत्रिम नळी कपाटात होती. पण गुडघा ओलांडून जाताना ती नीलेइतकी टिकत नाही, आणि खालच्या धमन्या आधीच अर्ध्या मिटलेल्या असताना तर मुळीच भरवशाची नाही. दंडातल्या शिरा पाहिल्या, त्या सुतळीएवढ्या. मी हात वर धरून उभा राहिलो. त्यांना उठवून विचारायची वेळ आली, असे वाटले. काय विचारायचे हेही मनात जुळवू लागलो आणि शब्द जुळेनात.

डावा पाय हिरव्या कापडाखाली झाकला होता. कापलेला अवयव आम्ही नेहमी झाकतो. तो कामाचा नसतो, आणि उघडा ठेवणे बरे दिसत नाही. त्या कापडाकडे मी किती वेळ पाहत होतो, ते आठवत नाही. मग लक्षात आले. पाय गुडघ्याखाली कापला आहे. मांडी तर आहे.

“तो पायही धुवा,” मी म्हणालो.

“कोणता?” सिस्टरने विचारले.

“गेलेला.”

डाव्या मांडीत चिरा घेतला. नीला तिथे होती. वर्षानुवर्षे तिच्यावर भार पडला नव्हता, कोणी तिच्याकडून काही मागितले नव्हते. बारीक झाली होती, पण सरळ, मऊ आणि आतून निर्मळ. हलक्या हाताने पाणी भरून ती फुलवली. हवी तेवढी लांबी मिळाली. मी आयुष्यात अनेक शिरा काढल्या. इतकी जपलेली क्वचितच हाती आली.

वरचा जोड झाला, खालचा झाला, फुगा बांधला. चिमटे सोडले. पाय पांढराच राहिला. शस्त्रक्रियागृहात सगळे त्या अंगठ्याकडे पाहत होते. मग अंगठ्याच्या नखाखाली फिकट गुलाबी रंग आला, आणि तो हळूहळू टाचेकडे सरकला. बराच वेळ उपाशी राहिलेले स्नायू रक्त मिळताच सुजतात आणि स्वतःच्याच आवरणात गुदमरतात, म्हणून पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरे देऊन ती मोकळी ठेवली. दिसायला ते भयंकर दिसते. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे लागते. मी यासीनला सांगितले. ते खाली बसले, खुर्ची सोडून जमिनीवर, पाय दुमडून. मी त्यांना काही बोललो नाही.

शुद्धीवर येताच बशीरभाईंचा हात पांघरुणाखाली गेला. उजव्या पायाला लागला, तिथे बँडेज होते, पण पाय होता. मग हात डावीकडे गेला. मांडीवर नवे बँडेज. त्यांचा चेहरा उतरला.

“हा का बांधला? आनखी कापला?”

“नाही. त्यातली शीर घेतली. उजव्याला लावली.”

“ह्याच्यातली?”

“हो.”

“ह्याच्यात काय हुतं अजून?”

“होती.”

त्यांनी हात त्या मांडीवर ठेवला. कापलेला पाय त्यांनी रीतीप्रमाणे भिंगारच्या कबरस्तानात पुरला होता, हे मला यासीनने नंतर सांगितले. ते म्हणाले, “पुरला तवा वाटलं, समदं घेऊन गेला.” एवढेच. मग डोळे मिटले. मी तापमानाचा तक्ता पाहू लागलो. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते.

निकाल सांगायचा तर प्रामाणिकपणे सांगायला हवा. पाय राहिला. दोन बोटे बधिर राहिली. टाचेची भाजलेली जखम भरायला इतके दिवस लागले की आम्हा दोघांचा धीर सुटत आला होता. संध्याकाळी पाय सुजतो. उकिडवे बसणे बंद झाले. पत्र्या मारायला आता ते उंच पाटावर बसतात, पाय पुढे पसरून, आणि बैलाचे बांधलेले पाय आपल्या उंचीला उचलून घेतात. हे सारे यासीनच्या वेळी टळले होते. आजार तोच, घर तेच, हात तेच. फरक फक्त एका हंगामाचा. ठरवून केली असती तर, हे वाक्य मी त्यांना कधी ऐकवले नाही. त्यांनीही विचारले नाही.

शेवटच्या तपासणीला तिघेही आले. मी थांबण्यापूर्वीच्या दिवसांतली गोष्ट. बशीरभाई नातवंडांबद्दल बोलले. घरात पोरे चिंचोका घेऊन मागे लागतात, म्हणाले. मग त्यांनी खिशातून खिळा काढला, पाय गुडघ्यावर टाकला आणि खिळा पंजावर ठेवला. खिळा जागच्या जागी किंचित हलत राहिला. पडला नाही.

“बघा. नालबंदकी गेली.”

“पाय राहिला,” मी म्हणालो.

“माझा तर आपरेशनपासूनच न्हाई पडत,” यासीन म्हणाले. “घरात आता कुनाचाच पडत न्हाई.”

हमीद दाराला टेकून उभा होता. “माझा पडतो की.”

त्याने ते चेष्टेत म्हटले. कोणी हसले नाही. बशीरभाईंनी काठीने समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बस.”

“टेम्पो रस्त्यात हाय, भाईजान.”

“असू दे. बस.”

तो बसला. पाय गुडघ्यावर टाकला, चप्पल काढली. “पाय हलवायचा न्हाई,” बशीरभाई म्हणाले. हमीद म्हणाला, “न्हाई हलवत.” बशीरभाईंनी पुढे वाकून खिळा त्याच्या पंजावर ठेवला आणि हात मागे घेतला.

पहिल्या ठोक्याला खिळा सरकला. दुसऱ्याला उसळला. फरशीवर त्याचा आवाज झाला.

टाळी वाजली नाही. हमीदने एकदा यासीनकडे पाहिले, एकदा बशीरभाईंच्या उजव्या पायाकडे, मग माझ्याकडे. मी कॉटकडे बोट केले. त्याने खिशातून टेम्पोची किल्ली काढली आणि यासीनच्या हातात दिली.

“बाजूला लावून ये,” तो म्हणाला, आणि कॉटवर जाऊन पालथा झोपला.